सोशिक पत्नीची तसबीर आणि सावित्रीबाईंची पत्रे

दर वर्षी ३ जानेवारीला पुण्यात सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमांना मी जातो. व्यासपीठावर बहुधा एकच प्रसंग रंगतो : अंगावर शेण-दगड झेलत शाळेकडे निघालेली, सोबत दुसरे लुगडे बाळगणारी जोतीबांची पत्नी. टाळ्या पडतात. मला प्रश्न पडतो, या चित्रात आपल्या लक्षात कोण राहते? शेण मारणारे आणि ते मुकाट सोसणारी. विचार करणारी बाई यात कुठे आहे?

एकोणिसाव्या शतकातील पुण्याने सार्वजनिक पुरुषाच्या पत्नीसाठी एक साचा घडवला होता. नवऱ्याने शिकवले म्हणून शिकलेली, त्याच्या पावलावर पाऊल टाकणारी सहधर्मचारिणी. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक आपण न्यायमूर्तींच्या संसाराचे चित्र म्हणूनच वाचत आलो. पुढे पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या रमाबाई त्या चित्राआड गेल्या. सवर्ण घरात घडलेला हाच साचा आपण सावित्रीबाईंवरही चढवला, हे माझे दुःख आहे.

१९८८ साली मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध झाले. त्यात जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. मायना त्या काळच्या रीतीप्रमाणे पतीपुढे नम्र आहे. मजकूर मात्र नम्र नाही. पहिल्या पत्रात महार-मांगांसाठी काम करतात म्हणून दोष देणाऱ्या सख्ख्या भावाला त्या सुनावतात. नागपंचमीला सापाला दूध पाजतोस आणि माणसाचा विटाळ मानतोस, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे.

१८६८ चे नायगावचे पत्र तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण गणेश आणि महार समाजातील सारजा यांचे प्रेम जुळले. सारजा गरोदर होती. गावाने दोघांची धिंड काढली, त्यांना ठार मारण्याचे ठरवले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांचे प्राण वाचवले आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. पतीची परवानगी त्यांनी मागितली नाही. जे केले ते कळवले. आजही महाराष्ट्रात जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांचे मुडदे पडतात. अशा वेळी ही बाई आपल्याला फक्त शेणाच्या गोळ्यांपुरती आठवावी?

१८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी धरले. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. सोशिकपणाच्या तसबिरीत यातले काहीच मावत नाही.

हा दोष प्रस्थापितांच्या माथी मारून आपली सुटका नाही. तसबीर आपल्याही घरात आहे. रमाईंविषयीही आपण त्यागापलीकडे बोलत नाही. चळवळीतल्या बाईने सोसावे, पुरुषाने निर्णय घ्यावा, ही सोय त्या तसबिरीआड लपलेली आहे.

पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. आता तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यांची पत्रे हाती घ्यावीत. पुढच्या ३ जानेवारीला एखाद्या मुलीने व्यासपीठावरून शेणाऐवजी सारजाची गोष्ट सांगावी, एवढीच माझी मागणी आहे.