बीड जिल्ह्यातील अभियांत्रिकी व मटेरियल सायन्समधील पीएच. डी. संशोधन : एक चिकित्सा

मराठवाड्यातील भौतिकशास्त्र विभागांत फेराइट या चुंबकीय पदार्थांवरील संशोधनाची परंपरा दीर्घ आहे. यामागे शास्त्रीय कुतूहलाइतकेच अर्थकारणही आहे. धातूंची नायट्रेटे, सायट्रिक आम्ल, हॉट प्लेट आणि भट्टी एवढ्या सामग्रीवर सोल-जेल पद्धतीने नमुने तयार होतात; कोबाल्टच्या जागी जस्ताचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढविले की नवी मालिका सिद्ध होते. तालुक्याच्या महाविद्यालयातही हे काम होऊ शकते, ही या विषयाची जमेची बाजू असून ती कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन व चुंबकीय मापन यांसाठी नमुने बहुधा बाहेरच्या उपकरण केंद्रांत पाठवावे लागतात. शुल्क भरून आलेख मागविण्याचा हा क्रम रूढ झाला की संशोधक उपकरणाजवळ बसून शंका घेण्यास मुकतो. आलेखातील अनपेक्षित शिखर अशुद्धीचे की वेगळ्या प्रावस्थेचे, हे नमुना पुन्हा भाजून, पुन्हा मोजूनच ठरते. दुसऱ्या मापनाचे शुल्क परवडत नसेल, तर ते शिखर प्रबंधात अनुल्लेखितच राहते.

याउलट, जिल्ह्याच्या दारात पडून असलेल्या पदार्थाकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आहे. तेथील कोळशाची राख मुख्यतः सिलिका व अॅल्युमिना यांची असते. केंद्र शासनाने १९९९ साली राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली. विटा व सिमेंट हे तिचे परिचित उपयोग होत. परंतु फुगणाऱ्या काळ्या मातीचे स्थिरीकरण, भूबहुलक काँक्रीट, राखेतील जड धातूंचे पाझरणे हे स्थानिक स्वरूपाचे, स्वतंत्र प्रबंधाच्या योग्यतेचे प्रश्न आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. पाण्यात कालवून राख वाहून नेण्याच्या पद्धतीचा विचार अशा दुष्काळी प्रदेशात केवळ तांत्रिक राहत नाही. अंबाजोगाईचे अभियांत्रिकी महाविद्यालय तेथून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर आहे. संपीडनबल मोजण्याचे यंत्र स्थापत्य विभागात असतेच. या संशोधनाचा बराचसा भाग त्यावर भागतो.

तथापि विषय सुचला म्हणून प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधकांची मर्यादा आहे. मार्गदर्शक कायम सेवेतील असावा लागतो आणि निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी असल्यास त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. कायम पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापन चालविणाऱ्या महाविद्यालयांत या नियमाचा अर्थ उघड आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींसाठीही आधी पीएच. डी.ची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मार्गदर्शकाकडे जागा लागते.

याच नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वीची शोधनिबंधाची सक्ती काढली. त्या सक्तीच्या काळात बहुविद्याशाखीय नियतकालिकांना जी भरती आली होती, तिच्यापैकी किती लेखन कुणी पुन्हा वाचले, याचा हिशेब अद्याप कोणी मागितलेला नाही. राखेवरील प्रयोगाची परीक्षा मात्र परळीच्या रस्त्यावर, दोन पावसाळे गेल्यावर, कोणालाही घेता येते.