वाढते रुग्णालय : एका संज्ञेची चिकित्सा

रुग्णालयाच्या रचनेविषयीच्या लेखनात ‘लवचीकपणा’ हा शब्द इतका सैलपणे योजला जातो की, त्याचा अर्थ निश्चित करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः त्यात तीन भिन्न अर्थ मिसळलेले आहेत : इमारतीचा विस्तार होणे, तिची अंतर्रचना पालटणे आणि एकच जागा अनेक कामांस उपयोगी पडणे. हा अर्थसंकर निरुपद्रवी नाही.

या दृष्टीने लंडनच्या हॅरो भागातील नॉर्थविक पार्क रुग्णालयाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७० साली उद्घाटन झालेल्या या रुग्णालयाचे वास्तुविशारद जॉन वीक्स यांनी ‘अनिश्चित स्थापत्या’चा पुरस्कार केला होता. रुग्णालयाच्या गरजा इमारतीच्या आयुष्यापेक्षा लवकर पालटतात. म्हणून रेखीव, परिपूर्ण आकृती रचण्याऐवजी वाढीचे नियम रचावेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. त्यानुसार सर्व विभाग एका अंतर्गत रस्त्याला जोडले गेले आणि त्यांची टोके भावी विस्तारासाठी मोकळी ठेवली गेली.

हा विचार मौलिक होता, यात संशय नाही. तथापि ‘अनिश्चित’ ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. येथे रस्ता निश्चित आहे. अनिश्चित आहेत ती केवळ टोके. व्याकरण निश्चित असते म्हणूनच नवे वाक्य रचता येते, तसाच हा प्रकार होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोकळे टोक हे विस्ताराचे आश्वासन असते. ते फलद्रूप होण्यास पैसा, जमीन आणि वर्षे लागतात. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत याच रुग्णालयात अतिदक्षतेच्या खाटा अपुऱ्या पडल्या आणि आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली. तेव्हा मागणी काही दिवसांत वाढली होती. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती अंतर्रचना पालटण्याची क्षमता. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या मॅकमास्टर रुग्णालयात एबरहार्ड झाइडलर यांनी नेमका हाच मार्ग स्वीकारला. तेथे वापराच्या मजल्यांदरम्यान नळ, तारा व वायुवाहिन्यांसाठी स्वतंत्र मजले ठेवल्याने खालच्या खोल्यांची मांडणी बदलणे सुकर होते. अर्थात या सोयीसाठी इमारतीची उंची व खर्च वाढतो.

सारांश, ‘लवचीक’ म्हणविणाऱ्या प्रत्येक आराखड्यास तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : काय पालटणार, किती काळात, आणि ते पालटत असताना रुग्ण कोठे असणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यात नाही, तो आराखडा कागदावरच लवचीक होय.