कस्टम्स युनियनला ब्रिटनच्या कम्युनिस्टांचा विरोध: कुठे पटतो, कुठे अडतो?

ब्रेक्झिट म्हटलं की आपल्याला बोरिस जॉन्सन आठवतात, निगेल फराज आठवतात. पण २०१६ च्या सार्वमतात ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांत कम्युनिस्ट पार्टी ऑफ ब्रिटन, सोशलिस्ट वर्कर्स पार्टी असे कडवे डावे पक्षही होते. कम्युनिस्ट पक्षाने तर पुढे एकल बाजारपेठेसोबत कस्टम्स युनियनलाही विरोध केला. आज त्याच भूमिकेची चिकित्सा करू.

आधी कस्टम्स युनियन म्हणजे काय ते बघू. सभासद देशांनी आपापसातल्या मालावर आयातशुल्क लावायचं नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांनी एकच दर लावायचा. एकल बाजारपेठ ही वेगळी गोष्ट. तिच्यात मालाचे दर्जानियम, सेवा, भांडवल, माणसांची ये-जा हे सगळं येतं. ही दोन नावं इतक्या वेळा एका दमात घेतली जातात की फरकच पुसला जातो.

आता पक्षाचं म्हणणं. आयातशुल्क ठरवायचा अधिकार ब्रसेल्सकडे असेल, तर कामगारांच्या बाजूचं सरकार आलं तरी उद्योग वाचवायला त्याचे हात बांधलेले राहतील. हा विचार नवा नाही. १९७० च्या दशकात तेव्हाचा कम्युनिस्ट पक्ष आणि मजूर पक्षातले टोनी बेन यांच्यासारखे डावे आयात-नियंत्रणाची मागणी करतच होते.

यातला काही भाग मला पटतो. तुर्कीचं उदाहरण घ्या. तो युरोपीय संघाचा सभासद नाही, पण १९९६ पासून औद्योगिक मालापुरता कस्टम्स युनियनमध्ये आहे. संघाने तिसऱ्या देशाशी करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे तुर्कीत येऊ शकतो. तुर्कीच्या मालाला मात्र त्या देशात आपोआप सवलत मिळत नाही, आणि करार ठरताना तुर्कीला मतही नसतं. ब्रिटन असा बाहेर राहून आत राहिला असता, तर हाच धोका होता. म्हणजे आक्षेप हवेतला नाही.

मग अडतं कुठे? मी विज्ञानाची विद्यार्थिनी. आम्हाला पहिल्या वर्षापासून एकच घोकवलं जातं: एका वेळी एकच घटक बदला, मग परिणाम बघा. पक्षाचं गृहीतक असं मांडता येईल की कस्टम्स युनियनमधून बाहेर पडलं की सरकारला उद्योगांना मदत करायची मोकळीक मिळेल. हा प्रयोग प्रत्यक्षात झालाय. ब्रिटन २०२० च्या अखेरीस एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन दोन्हींतून बाहेर पडला. पण १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या व्यापार करारात सरकारी अनुदानांवरची बंधनं आहेतच, आणि २०२२ मध्ये ब्रिटनने त्यासाठी स्वतःचा कायदाही केला. कुलूप कस्टम्स युनियनचं नव्हतंच. शेजारची मोठी बाजारपेठ शुल्काशिवाय हवी असेल, तर शेजारी अटी घालणारच.

तुम्ही म्हणाल, तो करार हुजूर पक्षाने केला, कम्युनिस्टांनी नाही. अगदी बरोबर. पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. अधिकार ब्रसेल्सहून लंडनला आला, तो कामगारांकडे नव्हे, सत्तेत असलेल्यांकडे. त्यांनी तो कशाला वापरला? ब्रिटन २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रशांत महासागरी देशांच्या व्यापार करारात सामील झाला. त्यात परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध लवादाकडे जाता येतं, ज्याला डावे पक्ष वर्षानुवर्षं विरोध करत आलेत.

कारखान्यातल्या माणसाच्या वाट्याला काय आलं? युरोपशी व्यापारात शुल्क शून्य राहिलं, पण माल ‘मूळचा’ कुठला हे सिद्ध करायची कागदपत्रं आली. गाडीचा एखादा भाग तयार होईपर्यंत अनेकदा खाडी ओलांडतो. अशा उद्योगात हा खर्च खरा असतो आणि तो शेवटी नफ्यातून, पगारातून किंवा किमतीतून निघतो. पक्षाच्या भूमिकेतला सर्वांत कच्चा भाग मला हाच वाटतो: शुल्क कोण ठरवणार यावर भर आहे, पण कुठल्या मालावर किती आणि त्याचा भार कोणावर, यावर नाही.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यानुसार भारतातलं स्कॉच व्हिस्कीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. कस्टम्स युनियनमध्ये असता, तर ब्रिटनला हा करार एकट्याने करताच आला नसता. नियोजित व्यापारासाठी मागितलेली मोकळीक शेवटी मुक्त व्यापाराच्या कामी आली.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही पक्ष, डावा असो वा उजवा, ‘व्यापाराचा अधिकार परत आणू’ म्हणाला, की दोन प्रश्न विचारा: कोणाच्या हातात आणणार, आणि पहिला दर कुठल्या मालाचा बदलणार?