एका मौनाची फलश्रुती : निकोस गात्सोस

ज्या कवीच्या हयातीत त्याचा एकच काव्यग्रंथ प्रसिद्ध होतो, त्याच्याविषयी समीक्षा बहुधा एकच निकाल देऊन मोकळी होते : प्रतिभा आटली. ग्रीक कवी निकोस गात्सोस (१९११–१९९२) याच्याही वाट्याला हा निकाल आला. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

'आमोर्गोस' हे त्याचे दीर्घकाव्य १९४३ साली, अथेन्स जर्मनांच्या ताब्यात असताना, प्रसिद्ध झाले. अतिवास्तववादापासून त्याने प्रतिमांचे स्वैर साहचर्य घेतले खरे. परंतु त्याची लय उसनी नाही. या काव्यात गद्यखंड आहेत, मुक्तरचना आहे आणि एक भाग पंधरा अक्षरी चरणांत आहे. हा चरण म्हणजे ग्रीक लोकगीतांचा परंपरागत छंद होय. आर्केडियातील आसेआ या खेड्यात जन्मलेल्या कवीला तो ग्रंथांतून शोधावा लागला नसावा.

पुढे 'वीर आणि मृत्यू' (१९४७) यासारख्या मोजक्या कविता सोडल्या, तर गात्सोस अनुवादाकडे आणि गीतरचनेकडे वळला. लोर्काच्या 'रक्तविवाहा'चा त्याने केलेला अनुवाद या वळणाचा दुवा ठरतो. लोकगीताची लय आणि नवकाव्याची प्रतिमा एकाच वाक्यात नांदू शकतात, हे लोर्काने दाखविले होते. आणि रंगभूमीसाठी अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक शब्द उच्चारून पारखावा लागतो. कारोलोस कून याने १९४९ साली अथेन्समध्ये टेनेसी विल्यम्सचे एक नाटक बसविले. त्यासाठी मानोस हाजिदाकिसच्या संगीतावर गात्सोसने कागदी चंद्राचे गीत लिहिले. पुढे थिओडोराकिस व क्सार्हाकोस यांनीही त्याच्या शब्दांना संगीत दिले, तर नाना मुस्कुरीच्या कंठातून ते ग्रीसबाहेर गेले.

आक्षेप असा की, गीतातील शब्द चालीच्या आधाराने उभा राहतो. चाल काढून घेतली की तो उघडा पडतो. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. 'आमोर्गोस'मधील गद्यखंडांचे स्वातंत्र्य ध्रुपदाच्या चौकटीत मावत नाही, आणि गात्सोसची सर्वच गीते सारख्या मोलाची नाहीत. तथापि आक्षेपक एक गोष्ट विसरतात. पंधरा अक्षरी चरण मुळात गाण्यासाठीच जन्मला होता. गात्सोसने तो लोकांकडून घेतला, आधुनिक काव्यात त्याची कसोटी पाहिली आणि अखेर गाणाऱ्या लोकांच्या स्वाधीन केला. याला ऱ्हास म्हणण्यापेक्षा ऋणमोचन म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

म्हणून त्याचे मौन हे कवीचे मौन नव्हे. ते केवळ ग्रंथकाराचे मौन होय. ग्रंथसंख्येवरून कवीची उंची मोजणाऱ्या समीक्षेला हा भेद दिसला नाही, याचा दोष कवीकडे जात नाही.