लाल कोळंबीचं अक्षर

चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, हा समज रील्सनी पक्का करून ठेवलाय. डोंगर डोंगरासारखा, झाड झाडासारखं, झालं चिनी शिकून. हा समज कुठे फसतो ते बघायचं असेल, तर कोळंबीचं अक्षर घ्या. त्यात कोळंबी कुठेच दिसत नाही.

पारंपरिक अक्षरात पंधरा रेघा आहेत. डावीकडे किड्याचं चिन्ह, उजवीकडे उच्चार सुचवणारा भाग. किडा का? तर जुन्या वर्गीकरणात ते खातं फार ऐसपैस होतं. साप, बेडूक, खेकडा, इतकंच काय, इंद्रधनुष्यसुद्धा त्यातच. प्रत्येक जुन्या कोडबेसमध्ये 'मिसलेनियस' नावाचं एक फोल्डर असतंच, तसं.

इसवी सन १००च्या सुमारास शू शेन या पंडिताने चिनी अक्षरांचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश रचला. त्यात या अक्षराचा अर्थ कोळंबी नाहीच. तिथे आहे एक प्रकारचा बेडूक. 'हामा' या बेडकाच्या जोडशब्दात त्याचा तो उच्चार अजूनही टिकून आहे. कोळंबीसाठी माशाचं चिन्ह असलेलं वेगळं अक्षर होतं आणि 'एर्या' या त्याहून जुन्या शब्दसंग्रहात तेच अक्षर मोठ्या सॅलॅमँडरलाही लावलंय. किड्यावालं अक्षर कोळंबीसाठी लोकांच्या हातून रूढ झालं.

पण खरी गोष्ट उजव्या भागाची आहे. तोच भाग असलेलं एक अक्षर शू शेनच्या कोशात घोड्याचं आहे: तांबड्या-पांढऱ्या मिश्र केसांचा घोडा. वर खुलासा असा, की त्याचा रंग कोळंबीसारखा. दुसरं अक्षर जेड या रत्नातल्या लालसर डागाचं. आज त्याचा अर्थ 'दोष' असा होतो. तिसरं संध्याकाळच्या तांबूस ढगांचं. सोळाव्या शतकात औषधींचा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या ली शिझेनने हा धागा पकडला. गरम पाण्यात टाकली की कोळंबी त्या ढगांसारखी लाल होते, म्हणून हे नाव, असं तो सांगतो. (रंग आधीपासूनच तिच्यात असतो. कवचातल्या प्रथिनाने धरून ठेवलेलं अ‍ॅस्टाझँथिन उष्णतेने मोकळं होतं, एवढंच.) पुढे १८१५मध्ये दुआन यूत्सायचं शू शेनवरचं भाष्य छापलं गेलं. त्यात नियमच आला: हा ध्वनिभाग जिथे, तिथे लाली.

वाचताना अंगावर काटा येतो. आणि तिथेच मला थांबावंसं वाटतं. कारण हाच भाग 'खोटं', 'फुरसत', 'दूर' आणि 'बोरू' या अर्थांच्या अक्षरांतही आहे. फुरसतीत लाल काय आहे? सोयीचे नमुने उचलून काढलेला नियम आमच्याकडे कोड रिव्ह्यूत कुणी पास करणार नाही. तरी घोडा, रत्न आणि कोळंबी या तिघांची संगती मला निव्वळ योगायोग वाटत नाही, कारण घोड्याची तुलना कोळंबीशी खुद्द शू शेननेच केली आहे. दुआन चुकला तो 'जिथे, तिथे' म्हणण्यात.

मग विसाव्या शतकात चीनने लिपी सोपी केली. पंधरा रेघांच्या नऊ झाल्या. उजवीकडे आता 'खाली' या अर्थाचं 'शिया' आलं. उच्चार तोच, फक्त सूर वेगळा. 'संस्कृती बुडाली' हा गळा काढणाऱ्यांत मी नाही. शाळकरी पोराला नऊ रेघा बऱ्याच. माझी तक्रार विसंगतीची आहे. ढग, डाग, फुरसत, खोटं या सगळ्यांत जुना भाग जसाच्या तसा ठेवला आणि बाहेर काढली ती फक्त कोळंबी. तांबूस ढगांच्या पंगतीतून उठवून तिला 'घाबरवणं' या अर्थाच्या अक्षराशेजारी बसवलं, कारण त्यातही तेच 'शिया' आहे. हाँगकाँग आणि तैवानमध्ये मात्र ती अजून जुन्याच घरी राहते. युनिकोडने दोघींना वेगळे क्रमांक दिलेत, दशमानात ३४६६२ आणि ३४४३०. त्यामुळे साध्या शोधात एक टाकली तर दुसरी सापडत नाही. दोन्ही एकच आहेत हे सॉफ्टवेअरला वेगळं शिकवावं लागतं.

लोकांना या भांडणाशी देणंघेणं नाही. कँटनीज भाषेत कोळंबी म्हणजे 'हा', म्हणून नववर्षाच्या जेवणात ती हवीच, घर हसतं राहावं यासाठी. त्याच 'हा'चा दुसरा अर्थ एखाद्याला छळणं. चिनी इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात नेटवरच्या उस्तादाला 'दाशिया', म्हणजे मोठी कोळंबी, म्हणत. महावीर या अर्थाच्या शब्दाशी केलेली ती कोटी. शिवाय कीबोर्डवर वाकून बसलेला माणूस दिसतोही तसाच. आमच्या ऑफिसात रात्री नऊनंतर नजर टाका.

आणि 'शियामी'. म्हणजे सोडे. पण दक्षिणेकडच्या होक्कियन बोलीत 'काय?' याला जो शब्द आहे, तो ऐकायला जवळपास असाच. म्हणून नेटवर पोरं 'काय?' विचारताना सोडे लिहू लागली. याच नावाचं एक संगीत अ‍ॅप होतं, ते ५ फेब्रुवारी २०२१ला बंद पडलं. शब्द मात्र चालू आहे: प्रश्न विचारायचा, तर दोन अक्षरं टाइप करायची, आणि त्यातलं पहिलं अजून कोळंबीचंच.