कात्रणांतले मन

'तुला काय वाटते?' असे सरळ विचारले, की माणूस बहुधा विचारणाऱ्याला रुचेल तेच उत्तर देतो. कादंबऱ्या लिहिताना हे मला ठाऊक झाले होते. डिझाइनच्या अभ्यासकांनी त्यावर काढलेला तोडगा मात्र एलिझाबेथ सँडर्स आणि पीटर यान स्टापर्स यांच्या 'कन्व्हिव्हियल टूलबॉक्स' (२०१२) या ग्रंथात भेटला. त्यांचे म्हणणे असे, की माणसाच्या बोलण्यातून वरवरचे कळते, वागण्यातून थोडे अधिक. पण त्याच्या हाती चित्रे, शब्द, कात्री नि डिंक दिला, की मनाच्या तळाचे वर येते. वस्तू घडवणाऱ्याने ती वापरणाऱ्याकडून आधी असे कोलाज करवून घ्यावे आणि त्याचा अर्थ त्याच्याच तोंडून ऐकावा.

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने यावर मत द्यावे ते अनुभवाच्या बळावरच. २०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. 'मास्क लावा' हे तेव्हापासून सर्वांनी सांगून झाले आहे. वर्गात विचारावे, तर मुलेही 'बाबा लावतात' म्हणतात. यंदा पोळ्यानंतर मी सातवीच्या मुलांपुढे जुनी वर्तमानपत्रे टाकली नि 'फवारणीचा दिवस' चिकटवायला सांगितले. ऊन, घाम, पैसा यांची कात्रणे मुद्दाम वर ठेवली होती. एका मजुराच्या मुलाने ती बाजूला सारली आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाभोवती लग्नातली हसरी मंडळी चिकटवली. मी समजलो, पोराने पिकाचा आनंद दाखवला. विचारले, तेव्हा म्हणाला, "हे बाकीचे मजूर हायेत, गुरुजी. मास्क लावला का बाबाले हासतात."

उकाडा, किंमत यांचा विचार मास्क करणारा करील. या हसण्याचा कोण करणार? हार्वर्डचे जेराल्ड झाल्टमन यांनी नेपाळातल्या खेडुतांना कॅमेरे दिले, तेव्हा फोटोंतून माणसांचे पाय गायब होते. अनवाणी पायांची लाज वाटून ते मुद्दाम वगळले होते. लाज बोलत नाही. ती अशी काटछाट करते.

म्हणून ही पद्धत मला मोलाची वाटते, आणि तिचे भयही इथेच आहे. कात्रणे निवडणारा आपलेच उत्तर त्यांत पेरून ठेवतो. मीही पेरले होते. पोराने ते बाजूला सारले, हे माझे भाग्य. तो बोलला नसता, तर त्या चित्राचा मी अनर्थच केला असता.

ग्रंथकार म्हणतात, आपल्या अनुभवाचा तज्ज्ञ तो माणूस स्वतः. मान्य. मग त्या चित्राचा धनीही तोच. मी टाचण्या काढल्या, तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "भितीवर नका लावू, गुरुजी. बाबा पायतीन."

चित्र घडी घालून मी त्याच्या हाती परत दिले.