दुपारचे कानसेन

लखनौच्या चौकात अकबरी दरवाजापाशी ज्या अरुंद गल्ल्या फुटतात, त्यांपैकी एका गल्लीतल्या अंगणात, गेल्या थंडीतल्या एका दुपारी, आमच्या काकूंच्या साडीवर चिकनचे काम करून घेण्याच्या निमित्ताने मी तासभर बसून होतो. काकू आता लखनौच्याच म्हणायच्या. त्यांचे सासरे, भातखंड्यांनी १९२६ साली येथे सुरू केलेल्या संगीत विद्यालयाच्या ओढीने वऱ्हाड सोडून आले आणि मग परतले नाहीत. कारागीर बाई उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. समोर कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, त्यावर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा आदल्या रात्रीचा भाग चालू, आणि बाईंची नजर मात्र मुर्रीच्या टाक्यावरून ढळत नव्हती. त्या तासाभरात त्यांनी पडद्याकडे तीन-चार वेळा पाहिले असेल, आणि त्या प्रत्येक वेळेपूर्वी पार्श्वसंगीताने मोठा गडगडाट करून जणू हुजुरांच्या आगमनाची वर्दी दिली होती. न राहवून मी म्हटले, ‘‘आपा, आप तो देखती ही नहीं!’’ सुई न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘देखते कहाँ हैं भैया, सुनते हैं।’’

दैनंदिन मालिकांवर आमच्या समीक्षकांनी आजवर जे ताशेरे ओढले, ते सगळे एकत्र करून एका पारड्यात घातले आणि दुसऱ्या पारड्यात या बाईंचे हे एक वाक्य ठेवले, तर माझ्या मते वाक्याचेच पारडे जड होईल. कारण ज्या दोषांसाठी या कलाप्रकाराची यथेच्छ टवाळी झाली, म्हणजे एकच गोष्ट तीन पात्रांनी तीनदा सांगणे, दोघेच जण खोलीत असताना प्रत्येक वाक्यागणिक एकमेकांना नावाने हाक मारणे, कथानकाने गोगलगाईलाही लाज वाटेल अशा गतीने सरकणे, ते दोष डोळ्यांच्या दरबारात दोष ठरतात. कानाच्या कचेरीत ते कामकाजाचे आवश्यक दस्तुर आहेत. अमेरिकेत साबणाच्या कारखानदारांच्या पैशावर हा प्रकार जन्मला तो आकाशवाणीवर. ‘गाइडिंग लाइट’ ही तिथली सर्वांत दीर्घायुषी कथा १९३७ साली श्राव्य रूपात सुरू झाली, १९५२ साली पडद्यावर आली आणि २००९ साली संपली. भांडी विसळणारी, कणीक तिंबणारी, बाळाला थोपटणारी बाई ही तिची श्रोती. जिचे हात गुंतलेले आहेत आणि जी मध्येच दार उघडायला उठणार आहे, तिच्यासाठी रचलेली ती कथा होती. अशा कथेत जो पुनरुक्तीला नाके मुरडतो, त्याने भजनातल्या धृपदालाही मुरडावीत.

लखनौला तर ही विद्या साबणवाल्यांकडून शिकण्याची गरजच नव्हती. ‘दास्तान-ए-अमीर हम्जा’ची सेहेचाळीस अवाढव्य बाडे याच शहरातल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने काढली, आणि ती ज्यांच्या लेखणीतून उतरली त्यांपैकी मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर हे मुळात कथा ऐकवणारे दास्तानगो होते. त्याच नवलकिशोरांच्या ‘अवध अखबार’मध्ये १८७८पासून पंडित रतननाथ सरशार यांचे ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. पुढे काय होणार याची हुरहूर लावून वाचकाला तगादा करायला भाग पाडणे, हा धंदा या शहराने दूरचित्रवाणीच्या कितीतरी वर्षे आधी पक्का केला होता. म्हणून भारतातल्या पहिल्या मोठ्या मालिकेच्या, ‘हम लोग’च्या, लेखनाचा मान मनोहर श्याम जोशी या लखनौ विद्यापीठातून बाहेर पडलेल्या लेखकाला मिळाला याचे मला फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते त्या मालिकेच्या मुळाशी असलेल्या मराठी माणसाचे: वसंतराव साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९८२ साली मेक्सिकोला गेले, लोकशिक्षणासाठी तिथे मालिकांचा वापर होतो हे पाहून आले, आणि ती कल्पना त्यांनी इकडे रुजवली. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा उपदेश लोक लवकरच विसरले आणि बडकी-छुटकी या बहिणींची सुखदुःखे तेवढी मनात धरून बसले. सरकारी हेतूंचे बहुधा असेच होते.

दुपारचा प्रहर दूरदर्शनने खऱ्या अर्थाने ताब्यात घेतला तो नव्वदच्या दशकात. १९९४ साली ‘शांति’ आली, पाठोपाठ ‘स्वाभिमान’. आणि महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’. त्या मालिकेचे शीर्षकगीत शेजारच्या खिडकीतून ऐकू आले की चहाचे आधण ठेवायचे, असे ज्या घरांत चालत असे त्यांपैकी आमचे एक होते. त्या मालिकांची वेळ मुकर्रर होती आणि तिच्यात अर्जविनंतीला वाव नव्हता. चुकलेला भाग चुकलाच, तो दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून तोंडी ऐकावा लागे, आणि त्या सांगण्यात शेजारीण पदरचे जे चार शब्द घालत असे ते लेखकाच्या शब्दांहून पुष्कळदा सरस असत.

आता या मृत मालिकांचा पुनर्जन्म होऊ लागला आहे. तसे पाहता पुनर्जन्म हा या कलेचा जुनाच छंद. पहिल्या ‘क्योंकि’त नायक मिहिरला लेखकांनी यमसदनी पाठवला, तेव्हा प्रेक्षकांनी असा गहजब केला की त्याला सही-सलामत परत आणावे लागले. परंतु पात्राला जिवंत करणे निराळे आणि प्रकारालाच जिवंत करणे निराळे. अमेरिकेत ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि ‘वन लाइफ टू लिव्ह’ या बंद पडलेल्या दोन मालिका एप्रिल २०१३ मध्ये केवळ इंटरनेटवर पुन्हा सुरू झाल्या. आठवड्याला चार नवे भाग देण्याचा बेत होता. महिना उलटण्यापूर्वीच तो दोनांवर आणावा लागला, कारण लोक रोज न पाहता भाग साठवून ठेवत होते आणि साठलेले कर्ज फेडताना दमत होते. वर्ष संपण्याच्या आत दोन्ही बरखास्त झाल्या. ज्या सेवेत कोणतीही वेळ आपली असते तिच्यात कोणतीच वेळ त्या कथेची उरत नाही, हे चालकांच्या ध्यानी आले नव्हते.

आमच्याकडचे प्रयोग संमिश्र आहेत. प्रयागच्या पार्श्वभूमीवरची ‘प्रतिज्ञा’ २०२१ साली परतली. तिच्यातले ठाकूर सज्जनसिंह रंगवणारे अनुपम श्याम हे प्रतापगढचे, लखनौच्या भारतेंदु नाट्य अकादमीत घडलेले. त्यांचा खर्जातला, अवधी मातीचा आवाज हीच त्या मालिकेची निम्मी दौलत होती. दुसरे पर्व चालू असतानाच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते गेले. बाकी जे उरले ते नव्या कॅमेऱ्याने चकचकीत टिपलेले होते, पण ऐकण्याजोगे फारसे नव्हते. सह्याद्रीने २०२५ मध्ये ‘दामिनी २.०’ आणली, जुन्या नावाची पुण्याई केवढी आणि नव्या मालिकेची स्वतःची कमाई केवढी, याचा हिशेब अजून मांडण्याची घाई मी करणार नाही. ‘क्योंकि’ची गोष्ट वेगळी. ३ जुलै २००० रोजी सुरू होऊन १,८३३ भागांनंतर २००८ साली संपलेली ही कथा २९ जुलै २०२५ रोजी वाहिनीवर आणि जिओहॉटस्टार या इंटरनेट सेवेवर एकदमच परतली. मूळ मालिका रात्री साडेदहाची. पण आता तीच लखनौच्या अंगणात दुपारी दोन वाजता ऐकली जाते, आणि रात्रीच्या मालिकेला दुपारची करण्याची किमया ही या नव्या व्यवस्थेची खरी देणगी मानली पाहिजे.

या पुनरागमनातली उत्तम जागा पटकथेत नाही. ती आहे सतरा वर्षांच्या खंडात. नायिका तुलसीचे काम करणाऱ्या स्मृती इराणी मधल्या काळात केंद्रात मंत्री झाल्या, लखनौहून फार दूर नसलेल्या अमेठीत २०१९ साली जिंकल्या, २०२४ साली हरल्या, आणि मग मालिकेतल्या त्या जुन्या उंबऱ्यावर परत येऊन उभ्या राहिल्या. ज्या काळाचा अभिनय कोणत्याही रंगभूषाकाराला साधला नसता, तो त्यांच्या आवाजात बसला आहे. किंचित भरड झालेल्या त्या आवाजात ‘मिहिर’ ही हाक आली तेव्हा, मी पडद्याकडे पाहत नसूनही, चमकलो. जिथे मालिका या खंडावर विसंबते तिथे ती चांगली होते. जिथे ती नव्या पिढीला खूश करण्यासाठी फोन, समाजमाध्यमे आणि चटपटीत संवाद यांची खोगीरभरती करते, तिथे ती इतर पन्नास मालिकांसारखी दिसते आणि, त्याहून वाईट, ऐकू येते.

माझी तक्रार आहे ती मालिकांपेक्षा त्या पुरवणाऱ्या यंत्रणेबद्दल. मी ज्या एका सेवेची वर्गणी भरतो, तिथे मागील भागाचा सारांश ओलांडून जाण्याचे बटन असते, कथेचा वेग दीडपट करण्याची सोय असते, आणि भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. या तिन्ही सोयी बसून पाहणाऱ्याच्या आहेत. सुईत गुंतलेल्या हाताला बटन दाबता येत नाही, दीडपट वेगाने हाक हाकेसारखी ऐकू येत नाही, आणि जो विराम सरशारांच्या वाचकाला दुसऱ्या दिवसापर्यंत अस्वस्थ ठेवत असे तो पाच सेकंदांच्या उलट्या मोजणीत विरून जातो. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ ही सेवा सुरू करून आपला जुना दफ्तरखाना लोकांस खुला केला, हे स्तुत्यच. परंतु दफ्तर उघडणे म्हणजे दुपार परत आणणे नव्हे.

निघताना काकूंनी साडी कधी मिळेल असे विचारले. बाईंनी काठ बोटांनी मोजला, एका फुलाला अंदाजे दोन भाग लागतात असे सांगितले, आणि होळीनंतरचा वायदा दिला. ज्या वाचकांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांना एकच विनंती आहे: उद्या दुपारी भाजी निवडायला घ्यावी, फोन पालथा ठेवून कोणत्याही पुनरुज्जीवित मालिकेचा एक भाग नुसता ऐकावा, आणि शेवटी कोण कोणावर रागावले होते ते सांगता येते का, ते पाहावे. सांगता आले, तर मालिका चांगली आहे.